मैदानातली मऊ माती

खोपोलीच्या शिळफाट्याजवळच्या मैदानात दिव्यांचा महोत्सव भरला त्या वर्षी आमच्या महिला गटाला पोपटीचा स्टॉल मिळाला. दिवे, नाच, गाणी आणि कोपऱ्यात 'आपली संस्कृती', म्हणजे आम्ही. जानेवारीत मडक्यात भाजायच्या वालाच्या शेंगा भरलेल्या असतात, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं.

संध्याकाळी पोहोचलो तेव्हा सगळीकडे माळा लटकत होत्या. पोरं वायरी ओलांडत पळत होती. बांबूंवरचे वायरींचे जोड पोरांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर, नुसते चिकटपट्टीने गुंडाळलेले. मी वायरमनला ते दाखवलं. "ताई, तुमी पोपटी बगा," तो हसत म्हणाला.

पोपटी लावायची माझ्या थोरल्या नणंदेने. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, मीठ, ओवा. पाण्याचा थेंब नाही. वर पुन्हा पाला कोंबून मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. मडकं मातीत जरा रुतलं पाहिजे, म्हणजे वाफ बाहेर जात नाही. शेतात ते सोपं असतं. इथलं मैदान गाड्यांनी दाबून दगड झालं होतं. वन्संनी पायाने चाचपत चाचपत मऊ जागा शोधली. "ही बग, लोण्यावानी माती हाय." मीही पाहिलं आणि बरं झालं म्हणून पेंढा आणायला गेले.

अंधार पडला, रंगमंचावर नाच सुरू झाला. आमचा जाळ बघायला गर्दी जमली, मोबाइल वर झाले. पेंढा अर्धाअधिक जळाल्यावर मला वास आला. पाल्याचा नव्हे. विहिरीवरचा पंप जळतो तेव्हा येतो तसला, घशात बसणारा. मी खाली वाकले. मऊ मातीचा तो पट्टा आमच्या मडक्याखालून सरळ रंगमंचाकडे गेला होता. दुसरं टोक जनरेटरकडे. चर खणून केबल पुरली होती, वरची माती अजून बसली नव्हती.

तेवढ्यात वन्संनी तांब्या उचलला. पोपटी झाली का बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र करून उडालं की झाली. त्यांच्या पायात चप्पल नव्हती. अन्नाच्या जाळाजवळ त्या कधीच घालत नाहीत.

"वन्सं, पाणी नको!"

"आगं, कच्ची निगाली तर लोकं शिव्या देतील मला."

मी त्यांचा दंड धरून मागे ओढलं. तांब्या हातातून सुटला आणि जाळाच्या कडेला आडवा पडला. मातीतून फटकन आवाज आला आणि मैदानातले सगळे दिवे एकदा विझून परत लागले. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

वन्संनी माझा हात धरला. लवकर सोडला नाही.

मी गर्दीला मागे हटवलं आणि वायरमनला बोलावलं. तो दुरूनच बघून म्हणाला, "चालू हाय ना लाईट? मग? पावणे बसलेत समोर. आता बंद केली तर माजी नोकरी जाईल." त्याने पायाने मडकं आणि निखारे बाजूला सारले, त्या जागेवर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि निघून गेला.

मग आम्ही दोघी खुर्चीच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. वन्संना मी चप्पल घालायला लावली. दर थोड्या वेळाने कुणीतरी दमलेलं माणूस येऊन विचारायचं, "इथं बसू का?"

"नाय," वन्सं म्हणायच्या. "वली हाय."

कोरड्या खुर्चीकडे बघत लोक तोंड वाकडं करून जायचे. "म्हाताऱ्या खुर्चीला पन राखन बसल्यात," एकजण म्हणाला. मातीतून बारीक धूर येत होता आणि मी तो बघत होते.

शेवटी जनरेटर थांबला तेव्हा वायरमनने केबल उपसली. वीतभर लांब, वरचं सगळं वितळून तांबं उघडं पडलेलं. त्याने त्यावर चिकटपट्टी गुंडाळली, माती लोटली आणि बुटाने दाबून सपाट केली.

"उद्याचं काय?" मी विचारलं.

"उद्या चांगलं होईल. धुरळा नको म्हणून दुपारी टँकर बोलावलाय, सगळं मैदान भिजवून घेनार."

समितीतल्या एकाला मी तिथूनच फोन लावला. "बघतो," तो म्हणाला. त्याच्या मागे गाण्याचा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही. संध्याकाळ झाली तशी खोपोलीच्या बाजूचं आभाळ उजळलं. वन्सं ओट्यावर बसून तिकडेच बघत होत्या. एकदा तो उजेड गेला. त्या उठून उभ्या राहिल्या.

तो परत आला, तरी त्या खाली बसल्या नाहीत.