आमेननंतरही बसलेल्या सारूबाई

चर्चच्या कमिटीत प्रार्थना संपून 'आमेन' झालं की सगळ्यांचे डोळे उघडत आणि चहाच्या कपाकडे वळत. सारूबाई मात्र डोळे मिटून तशाच बसून राहत. दोन मिनिटं, कधी पाच. मी नागपुरात नवा पाळक म्हणून रुजू झालो तेव्हा मला वाटलं, बाईंना डुलकी लागली. हळूच हाक मारली, तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "आपलं बोलून झालं. आता त्याचं आयका लागन का नाई?"

सत्तरीच्या सारूबाई पूर्वी दवाखान्यात आया होत्या. इतवारीत धान्याच्या गोदामामागच्या एका खोलीत दर रविवारी दुपारी त्या हमालांसाठी नि त्यांच्या बायकांसाठी प्रार्थनासभा घेत. अठरा वर्षं. चारचौघांत मला 'पाळकसाहेब' म्हणत, एकटा सापडलो की सरळ 'काय गा'. कुणाचं लग्न असो की बदली, त्यांचा प्रश्न एकच, "त्याले इचारलं का?" पोरांनी त्यांचं नाव 'इचारबाई' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि माझा संशय आहे, आवडतही होतं.

मी तिशीतला, उत्साह उतू चाललेला. हुडकेश्वरकडे नवी घरं उठत होती, मंडळीतली सातआठ कुटुंबं तिकडे गेली होती. तिथे रविवारची सभा सुरू करायचं मी ठरवलं. जागा पाहिली, पत्रकंही छापून घेतली. दोन्हीकडे चालवायला माणसं नव्हती आणि इतवारीत आता जेमतेम पाच जण येत. म्हणजे इतवारीची सभा बंद. हे सारूबाईंना सांगणं माझ्या जिवावर आलं होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "त्याले इचारलं का?"

"केली ना प्रार्थना."

"पत्रकं छापाच्या आधी का नंतर?"

मी हातातलं पत्रक घडी करून खिशात घातलं.

"मंग हे इचारणं नाई झालं गा. कागद तयार करून सायबाची सही घेणं झालं. मले तीन दिवस दे."

मला राग आला. बाई आता देवाच्या नावावर आपलीच सभा वाचवणार, असं मी बायकोला बोलूनही दाखवलं. त्याची आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी सकाळी त्या आल्या. डोळे सुजलेले. चहा नको म्हणाल्या.

"हुडकेश्वरले जा. इतवारीचं बंद कर. लय भांडली मी त्याच्याशी. अठरा वर्स झाले म्हटलं. तर म्हणते, सारू, ते माझं होतं, तू तुझं काहून म्हणून राहिली?"

मला हवं ते मिळालं होतं आणि मान वर करवत नव्हती. देव 'नाही' म्हणेल या भीतीने मी विचारलंच नव्हतं. सारूबाईंनाही तीच भीती होती, तरी त्यांनी विचारलं.

शेवटच्या रविवारी सभा संपल्यावर त्यांनी पाचही जणांना मोठ्या चर्चमध्ये यायला बजावलं, खोली झाडली, सतरंजी गुंडाळली आणि किल्ली गोदामवाल्याला दिली. आम्ही सायकलरिक्षात बसलो. गांधीबाग आली आणि त्या लहान मुलीसारख्या हमसून हमसून रडू लागल्या. मी पुरता गडबडलो.

"बाई, अजूनही चालू ठेवू या. मी कमिटीशी बोलतो."

"नोको. त्यानं बंद कर म्हटलं, बंद केलं." त्यांनी पदराने डोळे पुसले, ते लगेच पुन्हा भरले. "मले रडू दे ना गा. रडू नोको, असं नाई म्हटलं त्यानं."