न्हाणीघराचं लोखंडी दार

सेनोबिया उआराची एकतीस वर्षं पेरू देशातल्या आरेकिपा शहरात डोंगरउतारावरच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. वस्तीतल्या निम्म्या पोरांना पहिली सुई तिनेच टोचलेली. पण सगळ्यांत जास्त टाके तिने घातले ते स्वतःच्या नवऱ्याला.

निकानोर टपाल खात्यात होता. जन्मभर पत्रं निवडून हात कापसासारखे मऊ राहिलेले. रविवार उजाडला की तेच हात शिवशिवायला लागायचे. घर त्याने स्वतः बांधायला काढलं होतं आणि वरच्या मजल्याच्या सळया वीस वर्षं आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या घरातला एकही कोपरा त्याच्या रक्तावाचून राहिला नव्हता. फरशी बसवताना अंगठ्याचं नख गेलं. पाण्याची टाकी चढवताना शिडीवरून पडून बरगडी मोडली. डोळ्यात चुना गेला तेव्हा सेनोबियाने त्याचं डोकं अर्धा तास नळाखाली धरून ठेवलं होतं.

"गवंडी बोलाव की रे एखादा," ती म्हणायची.

"गवंडी? तो काय आपलं घर समजून बांधणारे?"

तिची मुलगी योवाना इलोला राहायची, समुद्राकाठी. आईने येऊन राहावं म्हणून चार वर्षं मागे लागली होती. सेनोबिया पिशवी भरायची आणि निकानोरचा पाय खिळ्यावर पडायचा. तो मुद्दाम करत नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. मुद्दाम करत असता तर भांडता तरी आलं असतं. आणि याला एकटं टाकून गेलो तर परत येऊ तेव्हा याचे हात जागेवर असतील का, या धास्तीने ती पिशवी पुन्हा रिकामी करायची.

त्या मंगळवारी मात्र तिने तिकीटच काढलं. दुपारी तीनची बस. सूप गॅसवर ठेवून ती अंघोळीला गेली. न्हाणीघराचं दार लोखंडी पत्र्याचं, निकानोरने उरल्यासुरल्या मालातून स्वतः जोडलेलं. अंघोळ झाली, कपडे घातले आणि तिने कडी काढून दार ओढलं. दार हलेना. वरचं बिजागर तुटून सगळा पत्रा चौकटीत तिरका रुतून बसला होता.

"निका! दार अडकलंय!"

तो आला, बाहेरून ढकललं, खांदा लावला. "थांब, थांब. खालचं बिजागर कापतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"काही कापू नकोस. कोपऱ्यावरच्या लोहाराला बोलाव."

"त्या लोहाराला? हसेल तो माझ्या दाराला. तू मागे सर, ठिणग्या उडतील."

ग्राइंडर किंचाळायला लागला. सेनोबिया भिंतीला चिकटून उभी राहिली. चाकावरचं झाकण त्याने केव्हाच काढून टाकलं होतं, मधे मधे येतं म्हणून. तिने ओरडून विचारलं, "झाकण लावलंस का?" पण त्या आवाजात तिला स्वतःचंच ऐकू आलं नाही.

मग चाक अडखळलं. काहीतरी धप्पकन फरशीवर पडलं आणि आवाज थांबला.

"निका?"

"काही नाही," तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "थोडं लागलंय."

त्याचं थोडं म्हणजे काय, हे तिला बेचाळीस वर्षं माहीत होतं. तेवढ्यात दाराखालच्या फटीतून लाल ओघळ आत आला आणि सावकाश मोरीच्या जाळीकडे निघाला.

"कुठे लागलं? खरं सांग."

"डाव्या हाताला. मनगटाच्या वर. सेनो, खूप येतंय गं."

"खाली बस. भिंतीला टेक. सदरा काढ, घडी कर, जखमेवर दाब. हात डोक्याच्या वर धर. धरलास?"

"धरला."

"अजून येतंय?"

"येतंय. सदरा सगळा भिजला."

"तो काढू नकोस. कंबरेचा पट्टा काढ. कोपराच्या वर आवळ, दातांनी ओढ. अजून ओढ. दुखलं पाहिजे."

तो कण्हला. ती गुडघ्यांवर बसून फटीतून बघत होती. त्याच्या चपलेचा अंगठा तेवढा दिसत होता. हजारो हात तिने या बोटांनी बांधले होते, आणि आता मधे एवढा एक पत्रा.

"गरगरतंय," तो म्हणाला. "जरा पडतो."

"पडायचं नाही! ऊठ. रस्त्यावरचं दार उघड आणि शेजारच्या आसुंताला हाक मार."

"नको. मी इथेच थांबतो, तुझ्यापाशी. तू बोलत राहा."

क्षणभर तिलाही तेच हवं होतं. आवाज येत राहिला म्हणजे माणूस आहे. तो पुढे गेला तर काय झालं ते तिला कळणारच नव्हतं. न्हाणीघर घराच्या पार मागे, हवेला चार विटांची जाळी, तीही डोंगराकडे तोंड करून.

"निकानोर," ती म्हणाली, "माझ्या बोलण्याने रक्त थांबत नसतं. चालता येत नसेल तर रांगत जा. नीघ."

चप्पल हलली. फरशीवर घासल्याचा आवाज लांब गेला. मग काहीच नाही. तिने बादली दारावर आपटली, हाका मारल्या, घसा बसला. किती वेळ गेला कोण जाणे, आणि बाहेरच्या बाजूला शेजारीण आसुंताची किंकाळी ऐकू आली, "देवा! निकानोर!" पावलं धावली, टॅक्सीचं दार आपटलं, गाडी निघाली.

सेनोबिया वाट बघत राहिली. आता कोणीतरी मागे येईल. कोणी आलं नाही. सूप करपल्याचा वास आला, मग बहुधा सिलिंडर संपला, तोही विरला. जाळीतून ऊन सरकत छताला लागलं. तीन वाजून गेले असावेत. तिने फटीपाशी पाणी ओतून जमीन धुतली आणि उलट्या बादलीवर बसली. तो मेला असेल, असं तिच्या मनात आलं. आणि त्याच्या पाठोपाठ असंही आलं, की गेल्या कित्येक वर्षांत एवढा वेळ तिला कोणी हाक मारलेली नाही. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की तिने तोंडावर गार पाणी मारलं.

दिवस कलल्यावर आसुंता लोहाराला घेऊन धावत आली.

"बाई गं, माफ कर! तो सारखा 'सेनो, दार, सेनो, दार' म्हणत होता. मला वाटलं गाडीचं दार नीट लावा म्हणतोय. आणि तू मागच्या गाडीत असशील असं वाटलं."

"जिवंत आहे?"

"जिवंत? डॉक्टरांना सांगतोय टाके कसे घालायचे ते."

लोहाराने पहारीने दहा मिनिटांत दार उचकटलं. हसला मात्र नाही.

निकानोर वाचला. दोन बोटांच्या नसा तुटल्या त्या तुटल्याच, ती बोटं पुन्हा मिटली नाहीत. तीन महिने सेनोबियाने त्याची बटणं लावली, त्याचं मांस कापून दिलं. तो चिडायचा, मग रडायचा, मग तिलाच शिडीवर चढवून खालून सांगायचा, "डावीकडे, अगं डावीकडे!" तिच्याही अंगठ्यावर एकदा हातोडी बसली. तेव्हा तो घाबरून इतका पांढरा पडला की तिला आधी त्यालाच खुर्चीवर बसवावं लागलं.

ऑगस्टमध्ये ती इलोला गेली. त्याला एकट्याला ठेवणं आता शक्यच नव्हतं, म्हणून त्यालाही घेऊन गेली. पहिला दिवस दोघं समुद्राकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी योवानाच्या स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला.

"पोरी, या कपाटाचं दार करकरतंय. घरात पेचकस आहे का?"

"करू दे गं, आई," योवाना हळूच म्हणाली. "त्यांना बरं वाटेल."

सेनोबियाने कॉफीचा कप खाली ठेवला. आतून मलमपट्टीची पिशवी आणली, खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.