अख्खी इंग्रजी

“अर्धा शब्द कुत्र्याला टाकतात, माणसाला अख्खा द्यावा,” हेझ्रन लिखांगा मास्तर एकदा मला म्हणाले होते. शाळेमागच्या उसाच्या बांधावर आम्ही भाजलेली कणसं खात उभे होतो. मी गणिताचा, ते आठवीच्या इंग्रजीचे. एकतीस वर्षं आठवी त्यांचीच.

त्यांच्या खिशात एक लाकडी चकती असे. शाळेत लुह्या, म्हणजे घरची बोली, बोलणाऱ्याच्या गळ्यात ती पडायची. त्यानं दुसऱ्याला पकडलं, की त्याच्या. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात ती असेल, त्याला छड्या. केनियात, आमच्या काकामेगात, ही रीत जुनीच. मास्तरांनी तिच्यात भर घातली: ‘डू नॉट’ऐवजी ‘डोन्ट’ म्हणणाराही चकतीचा धनी. मुलं एकमेकांच्या तोंडावर मांजरासारखी टपून बसत.

बांधावर त्यांनी कारण सांगितलं. वडील मिशनमध्ये स्वयंपाकी. फादर वेदीवरून अख्खी इंग्रजी बोलत. तुटकी दोघांशीच, कुत्र्याशी आणि स्वयंपाक्याशी. “दोघांना एकाच सुरात ‘डोन्ट’. बाप मान हलवायचा, कुत्रं शेपूट.” ते हसले. मला हसता आलं नाही.

यंदा फर्मान निघालं: इंग्रजीच्या मास्तरांनी बोलती इंग्रजी ऐकून लिहायची, मग बोलून दाखवायची. नापास झाला, त्याची आठवी गेली. परीक्षा घ्यायला आली ट्रुफेना इमाली, मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी.

यंत्रातून दोन बायका भराभर, अर्धे शब्द टाकत बोलून गेल्या. वीस वाक्यांपैकी मास्तरांची चार बरोबर आली. उरलेल्या ओळी त्यांनी पट्टीनं आखून कोऱ्या ठेवल्या होत्या.

“रेडिओ ऐकत नाही वाटतं, मास्तर?” खेळ शिकवणाऱ्या जोसफातनं चहा ओतता ओतता टोमणा मारला.

“ऐकतो. बातम्या. बातम्या देणारा दात घासून येतो.”

शिक्षकांची खोली हसली. ट्रुफेनाही हसली, पण कागद मिटला नाही.

“तोंडी परीक्षेचे गुण माझ्या हातात आहेत, मास्तर. ‘डोन्ट’नं सुरू होणारं एक वाक्य म्हणा. कुठलंही. आठवी तुमच्याकडेच राहील.”

“कोणाला म्हणू?”

“मला म्हणा. सगळं जग असंच बोलतं. आईसुद्धा लेकराशी बोलते.”

 मास्तरांचा हात खिशात गेला, ते तिनं पाहिलं.

“अजून बाळगता ती?” तिचा आवाज खाली आला. “माझ्या मानेला तिनं चट्टा पडला होता. आईनं विचारलं, हे काय? तर भीतीनं मला आईशीही लुह्या बोलता येईना. आईला इंग्रजी कुठली? दोघी मुक्या बसलो. आणि तुम्हाला एक वाक्य जड जातंय.”

मास्तरांना एवढंच सांगायचं होतं, की ते वाक्य त्यांच्या बापाला म्हटलेलं आहे. ते त्यांनी सांगितलं नाही. खोलीत ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. पण माझा वर्ग शाबूत होता. मी चहा ढवळत राहिलो.

“म्हणा ना, मास्तर,” ट्रुफेना म्हणाली. या खेपेला विनवणीनं.

मास्तरांनी तिच्या मानेकडे पाहिलं. मग चकती काढून कोऱ्या ओळींवर ठेवली, खुंटीवरची टोपी घेतली, आणि एक शब्दही न बोलता, ना अर्धा ना अख्खा, ते दाराबाहेर पडले.