नॉरिसचा बारावा काटा

नॉरिस स्टॅनिफोर्थकडे जेवायचं बोलावणं आलं की आम्ही शेजारी एकमेकांकडे बघून हसायचो. जेवण उत्तमच असायचं, त्याच्या बायकोच्या, विनिफ्रेडच्या हाताला चव होती. पण टेबलावर यायचे साधे पोलादी काटे-चमचे, आणि समोरच्या काचेच्या कपाटात निळ्या मखमलीवर दीडशे वर्षांपूर्वीची अस्सल चांदी ऐटीत पहुडलेली असायची. आपण जेवता जेवता तिच्याकडे बघायचं, एवढंच.

नॉरिसने शेफिल्डच्या चढउतारांवर सत्तावीस वर्षं बस चालवली. फावल्या वेळात कुणी कबुतरं पाळतं, कुणी कांदे लावतं. याने स्वतःला चांदीला वाहून घेतलं. दर शनिवारी जुन्या बाजारात फेरी, खिशात भिंग. कुणाच्याही घरी गेला तरी आधी चमचा उलटा करून दांड्यामागचे छाप वाचायचा. सिंह असला तर चांदी खरी, मुकुट असला तर आपल्या शेफिल्डची, आणि शेजारच्या अक्षरावरून साल. त्याच्या मावसभावाच्या अंत्यविधीनंतर चहाला जमलो होतो, तिथेही त्याने साखरेचा चमचा उलटा केला. त्या मावसभावाची विधवा शांतपणे म्हणाली, "धुतलाय हो तो, नॉरिस. दोनदा."

त्याच्या लाडक्या संचात सुऱ्या बारा होत्या, चमचे बारा होते, काटे मात्र अकरा. बाराव्यासाठी त्याने एकोणीस वर्षं गावोगावचे बाजार पालथे घातले.

"आमच्या लग्नाची तारीख विचारा याला," विनिफ्रेड म्हणायची, "डोकं खाजवेल. पण त्या काट्यांचं जन्मसाल झोपेतसुद्धा सांगेल."

आमच्या गल्लीच्या टोकाला मिस डंगवर्थ राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, जीभ मात्र तरुण. त्यांचं अख्खं आयुष्य चांदीच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर गेलं होतं. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात त्यांनी कुंड्या हलवायला नॉरिसला बोलावलं. तो गेला तेव्हा त्या जिरेनियमच्या कुंडीतली माती उकरत होत्या. कशाने? तर काट्याने. नॉरिसने तो जवळजवळ हिसकावूनच घेतला, माती पुसली आणि भिंग लावलं. तोच कारागीर, तेच साल, तीच नक्षी.

"हा कुठे मिळाला तुम्हाला?"

"भंगारात. चाळीस वर्षं झाली असतील. एक दात वाकडा आहे, मातीला बरा पडतो."

"मला विकत द्या. म्हणाल ती किंमत देतो."

"आधी तुझे अकरा दाखव, पोरा."

पोरा! नॉरिस चौसष्टचा होता.

दुसऱ्या दिवशी बाई हॅट घालून हजर. मीही गेले, असला तमाशा कोण चुकवणार? नॉरिसने कपाट उघडलं. मिस डंगवर्थनी भिंग बाजूला सारलं आणि एका काट्याच्या पाठीवरून नुसता अंगठा फिरवला.

"घासतं कोण हे?"

"मीच," नॉरिस छाती फुगवून म्हणाला. "दर रविवारी. एकही रविवार चुकवलेला नाही."

"ते कळतंय. सिंहाचं मांजर करून ठेवलंस."

त्यांनी आपला मातकट काटा शेजारी ठेवला. त्याच्यावर सिंहाची आयाळ केसन् केस दिसत होती. नॉरिसच्या काट्यांवर मात्र शेपूट कुठे संपते तेही समजेना.

"पॉलिश म्हणजे काय वाटलं तुला? दर वेळी थोडी थोडी चांदी जाते. अजून काही वर्षं अशीच माया कर, नाव-गाव काही उरणार नाही."

नॉरिसचे कान लाल झाले. त्यानेही एका काट्याच्या पाठीवरून अंगठा फिरवून बघितला. नवऱ्याची चेष्टा करायची एकही संधी न सोडणारी विनिफ्रेड त्या दिवशी सरळ स्वयंपाकघरात गेली. तिने चहाचं आधण ठेवलं.

चहाचा कप हातात आल्यावर त्याने विचारलं, "मग करू काय?"

"जेव त्यांनी. रोज. गरम पाण्यात धू, लगेच पूस. हातात खेळली की चांदी आपसूक उजळ राहते."

"आणि अंडं? अंड्याने काळी पडते."

"अंड्याला पोलादी चमचा घे. एवढं तर कोंबडीलाही कळेल!"

बाराव्या काट्याची एक पेनीही त्यांनी घेतली नाही. अट एकच घातली: येत्या रविवारी बारा माणसं बसवायची आणि बाराही काटे वापरायचे.

रविवारी आमच्या घरातल्या खुर्च्यासुद्धा तिकडे गेल्या. भाजलेलं मांस, ओव्हनमध्ये फुगवलेलं खारं यॉर्कशायर पुडिंग, वाटाणे, वर दाट रस्सा. नॉरिसला जेवण कुठलं सुचतंय! त्याची नजर प्रत्येक काट्यामागे फिरत होती. माझा काटा ताटावर जरा करकरला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. वाकड्या दाताचा काटा मिस डंगवर्थनी स्वतःच घेतला होता.

"जेव रे," त्या ओरडल्या. "सगळं गार होतंय!"

त्याने घाबरत घाबरत पहिला घास तोंडात घातला. थांबला. पुन्हा एक घेतला.

"विनी, हा काटा ऊन लागतो गं तोंडाला. पोलादासारखा गार नाही लागत." तो काट्याकडे बघत राहिला. "एवढी वर्षं मला माहीतच नव्हतं."

"मलाही कुठे माहीत होतं?" विनिफ्रेड म्हणाली. "कधी हात लावू दिलास का?"

त्यावर नॉरिसने उठून सगळ्यात मोठा भाजका बटाटा तिच्या ताटात वाढला. त्याच्या परीने ती माफीच होती.

मिस डंगवर्थ पुढे चार वर्षं जगल्या आणि जवळपास प्रत्येक रविवारी नॉरिसकडे जेवल्या. परवा मी आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी सहज डोकावले, तर नवरा-बायको कोपऱ्यावरच्या दुकानातले मासे आणि बटाट्याचे चिप्स पुडक्याच्या कागदातूनच खात होते, चांदीच्या काट्यांनी. कागद व्हिनेगरने ओला झालेला.

"बस की," नॉरिस तोंडात घास ठेवूनच म्हणाला. "विनी, तिला एक काटा दे."