दोन मिनिटांचं काम

चष्मेवाल्याच्या घटस्फोटाला दोन वर्षं होत आली होती, पण बायकोवरचा राग त्याने दुकानातल्या काचांसारखा रोज पुसून लख्ख ठेवला होता. राग धरायला कारणही होतं. अकरा वर्षांची लेक आईकडे राहायची. कोर्टाने बापाला शनिवारचा एक तास दिला होता, तोही समुपदेशक बाईंच्या खोलीत. एक टेबल, तीन खुर्च्या, कुलूप लावलेलं खेळण्यांचं कपाट आणि बाईंची नोंदवही. त्या तासात जे घडेल ते बाई तारखेसह लिहून ठेवत.

पहिले काही महिने ठमी (हे लाडाचं नाव त्यानेच ठेवलेलं) आल्या आल्या त्याचे खिसे तपासायची. मग 'अरे बाबा'चं 'अहो' झालं. पुढे ठमी म्हटलेलंही चालेना. एका शनिवारी ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "तुमच्या वर्तनामुळे मला मानसिक त्रास होतो."

वाक्य त्याने लगेच ओळखलं. आईच्या जुन्या अर्जातल्या चौथ्या परिच्छेदातलं होतं ते, शब्दन्शब्द. बाबाने तुझी सायकल विकून खाल्ली, असंही तिच्या कानात भरलं होतं. सायकल दुकानाच्या माळ्यावर होती. त्याने फोटो दाखवला, तर ती म्हणाली, "जुना असेल."

आता आईने नवा अर्ज टाकला होता: भेटी कायमच्या बंद करा. कारण, बापाला भेटून आलं की मुलीचं डोकं दुखतं. खाली नऊ शनिवारच्या तारखा. सुनावणीला जेमतेम तीन आठवडे होते. अर्ज मंजूर झाला तर तो एक तासही जाणार होता.

अर्ज हातात पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ठमीच्या डोळ्यांवर दोन-अडीच महिन्यांपूर्वी आलेला नवा चष्मा होता, गोल काचांचा; ती भिंतीकडे तोंड करून बसायची, म्हणून त्याने तो जवळून आज पहिल्यांदाच पाहिला. बापाचं चष्म्याचं दुकान असताना आईने शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तो करून आणला होता. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, असं तो मनात म्हणाला. पण त्याची नजर काचेच्या कडेवर अडकली. उजवी कड जाड होती.

ठमीचा उजवा डोळा उणे पाचचा, डावा उणे साडेसातचा. डावी काच जाड हवी. त्याने चष्मा मागून घेतला, काचेतून खिडकीची चौकट बघत तो डावी-उजवीकडे हलवला. बावीस वर्षं हाच धंदा. नंबर कळायला त्याला यंत्र लागत नसे. काचा उलटसुलट बसवल्या होत्या. मुलांचा नंबर वाढतो, डोळे काही अदलाबदल करत नाहीत. अशा चष्म्याने रोजच डोकं दुखणार. बाकीचे सहा दिवस आईने मोजले नव्हते, एवढंच.

"नीट दिसतं का ग याने?"

"आई म्हणते, नवा आहे, सवय होईल."

स्क्रूड्रायव्हर शर्टाच्या खिशात होता. गोल फ्रेम, दोन स्क्रू, दोन काचा; इकडची तिकडे केली की झालं. त्याने एक स्क्रू उगीच आवळला, "ढिला झाला होता," म्हणाला आणि चष्मा परत दिला. त्या रात्री कित्येक महिन्यांनी तो पोटभर जेवला.

वकिलाला सगळं कळल्यावर तो म्हणाला की ताबडतोब बाईंसमोर काचा नीट करून द्या, बाई नोंद करतील, तेवढा पुरावा पुरे. चष्मेवाल्याने मान हलवली नाही. नोंद कोण वाचतं? त्याला भर कोर्टात, सगळ्यांसमोर, तिच्याच हाताने आणलेला चष्मा तिच्याच समोर धरायचा होता. दोन वर्षं तिने त्याला राक्षस ठरवलं होतं. त्या दिवशी तिचा चेहरा पडताना त्याला बघायचा होता.

दुसऱ्या शनिवारी ठमीने बाईंना दिवा मालवायला सांगितलं आणि डाव्या डोळ्यावर तळवा दाबून बसली. तिसऱ्या शनिवारी ती उठून बेसिनपाशी गेली आणि ओकली. तो तिच्या मागे उभा राहिला, एक हात तिच्या पाठीवर, दुसरा खिशात स्क्रूड्रायव्हरवर. सुनावणीला चार दिवस उरले होते. त्याने खिशातला हात बाहेर काढला, तो रिकामाच.

सुनावणी अगदी त्याच्या मनासारखी झाली. वकिलाच्या विनंतीवरून कोर्टाने बोलावलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा तपासला आणि काचा उलट्या असल्याचं सांगितलं. आई फिकी पडली. "मला कसं कळणार?" एवढंच बोलली. तो तिच्याकडे डोळे भरून बघत राहिला.

न्यायाधीश बाई नोंदवही चाळत होत्या. त्या थांबल्या.

"अठरा दिवसांपूर्वी तुम्ही हा चष्मा हातात घेतला होता. स्क्रूही आवळलात. तेव्हा कळलं नाही?"

"कळलं होतं."

"काचा बदलायला किती वेळ लागतो?"

तो वकिलाकडे बघायला लागला. वकील कागद लावत होता.

"दोन मिनिटं," तो म्हणाला.

समुपदेशक बाईंशेजारी ठमी बसली होती. ती रडली नाही. फक्त विचारलं, "तुला माहीत होतं?" कितीतरी दिवसांनी 'अरे' झालं होतं, आणि नंतर कधी झालं नाही. आई हलकेच मान वर करून त्याच्याकडे बघत होती. आता तिची पाळी होती, आणि बोलायची गरजही नव्हती.

आईचा अर्ज फेटाळला गेला. भेटी चालू राहिल्या. चष्मा नीट झाला, कुठल्या दुकानात ते त्याला सांगितलं नाही.

दर शनिवारी ठमी वेळेवर येते. डोकं दुखत नाही. आता ती भिंतीकडे तोंड करत नाही, समोरच्या खुर्चीत सरळ बसते, चष्मा काढते, डबीत ठेवते आणि डबी मांडीवर धरते. तासभर तशीच. निघताना दाराशी गेल्यावर पुन्हा घालते. बाई ते दर वेळी नोंदवहीत लिहितात.

मध्ये फक्त टेबल असतं, चार-पाच फुटांचं. त्या नंबरच्या डोळ्यांना तेवढ्या अंतरावरून काय दिसतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. माणूस बसलाय एवढं कळतं, चेहरा नाही.