समुद्रापलीकडची धूळ

धूळ दिसली की हवामान कार्यालयातल्या मावशींचे हात शिवशिवतात. घरी पाहुण्याने चहाचा कप उचलला रे उचलला, की त्या खालचं टेबल पुसून मोकळ्या. नवरा म्हणतो, "मी जरा वेळ एका जागी बसलो तर मलाही पुसशील!" मावशी म्हणतात, "बसून तर बघा!"

अशा बाईने एका सकाळी देवाचं नाव घेत कार्यालयाची गच्ची झाडली आणि स्टुलावर मळून पडलेली काचेची थाळी ओल्या फडक्याने लख्ख केली. तेवढ्यात हवामानाचा अभ्यास करणाऱ्या तरुण मॅडम जिना चढून आल्या.

"मावशी! अहो, ती थाळी धूळ गोळा करायला ठेवली होती मी!"

"धूळ? गोळा करायला?"

"समुद्रापलीकडच्या वाळवंटातली. कॉलेजात होते तेव्हापासून वाट बघतेय मी हिची."

मावशी मटकन खाली बसल्या. "इतक्या लांबून वाळू येते?"

"वाळू नाही येत. तिथे जमीन तापते, वारा सुटतो, वाळू टणाटण उड्या मारत जमिनीवर आपटते. त्या माराने बारीक धूळ उठते. वाळू जड, ती तिथेच पडते. धूळ मात्र तापलेल्या हवेबरोबर पार ढगांपर्यंत चढते. वरचा वारा मिळाला की दिवसच्या दिवस खाली उतरत नाही."

"डब्यात पीठ ओततो तसंच की. पीठ डब्यात, भुकटी फळीवर."

"तसंच," मॅडम म्हणाल्या, पण आवाज रडवेला होता. आभाळ अजून मातकट होतं. संध्याकाळी वारा फिरणार होता. त्याआधी थाळीत काही पडलं तर पडलं, नाहीतर सगळंच हुकलं.

"मी राखण करते," मावशी म्हणाल्या. "इथे कबुतरसुद्धा फिरकायचं नाही."

फडकं त्यांनी मॅडमबरोबर खाली पाठवून दिलं आणि नामस्मरण करत बसल्या. दुपारपर्यंत काचेवर तांबूस थर दिसायला लागला. बोटं वळवळायला लागली. 'देवा, तूच आवर रे,' म्हणत त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले.

त्या जेवायलाही खाली येईनात, म्हणून रोज घरून त्यांचा डबा आणणारा नवरा तो घेऊन गच्चीवरच आला. थाळी बघून चकित झाला. "अगं, तुझ्या राज्यात ही घाण?" आणि फुंकर मारायला गाल फुगवून वाकला.

"खबरदार!"

बिचारा तसाच थांबला. गाल फुगलेले, डोळे बाहेर. श्वास सोडायचीही चोरी. मावशींनी त्याला खांद्याला धरून पाठमोरा केला. "हं, आता सोडा."

ओरडा ऐकून मॅडम धावत वर आल्या. थर जागच्या जागी होता. त्यांनी हलक्या हाताने थाळीवर झाकण बसवलं, कडेने चिकटपट्टी लावली आणि मग पोट धरून हसल्या.

"जन्मभर पुसलं नाही म्हणून बोलणी खाल्ली," नवरा म्हणाला, "आणि आज साफ करायला गेलो तरी बोलणीच!"

"बोलणी पुरे, डबा उघडा," मावशी म्हणाल्या. "भुकेने जीव चाललाय माझा."