कूलरच्या मागची खुर्ची

मी सिगार ओढायचो. यवतमाळात हे वाक्य म्हटलं की समोरचा आधी हसतो. आमच्या कोर्टात सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्या वकिलाकडे कोणी मान वर करून पाहत नाही, पण माझ्या हातात सिगार दिसली की लगेच, "काय बावा, साहेब झाले का तुमी?" झालो साहेब! तुमच्या बापाचं काय गेलं? वीस वर्षं लोकांच्या बांधाच्या भांडणात डोकं घालून मी स्वतःसाठी एवढी एकच चैन ठेवली होती, आणि तिच्यावरून कोणी बोललं की माझं टाळकं सटकायचं.

हा नाद साळ्यानं, बायकोच्या भावानं लावला. तो परदेशातून येताना एक डबा घेऊन आला. पहिल्या सिगारनं चक्कर आली, तिसरीपर्यंत मी कामातून गेलेलो होतो. पुढे नागपूरहून मागवू लागलो. सिगारला दमट हवा लागते आणि आमच्याकडे मे महिन्यात ओला टॉवेल दांडीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. म्हणून सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली. आत ओल्या स्पंजची वाटी आणि ओलावा दाखवणारं एक छोटं यंत्र. रोज सकाळी मी त्याचा काटा पाहायचो. जरा खाली आला की स्पंज भिजवायचो.

"पोरीचा ताप तरी एवढ्यांदा पाह्यला का कधी?" बायको म्हणायची. ती शाळेत शिकवते, त्यामुळे टोमणाही नेमक्या जागी बसवते.

पोरगी तेव्हा दहा वर्षांची होती. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली, एकुलती एक. तिला लहानपणापासून बालदमा. दप्तरात कंपासपेटीशेजारी तिचा तोंडात घ्यायचा पंप असायचाच, पण सहसा तो तिथंच पडून राहायचा.

मग माझं बीपी वाढलं. डॉक्टरांनी तंबाखू सोडा म्हणून सांगितलं आणि घरात महाभारत झालं. दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी तडजोड. आठवड्यात एक सिगार, रविवारी, घराबाहेर. बायकोला वाटलं, तिनं मला बांधून टाकलं. मी मनात म्हटलं, चला, बाहेर म्हणजे बाहेर.

आता एप्रिल-मेच्या उन्हात बाहेर बसायचं कुठं? आमच्याकडे एप्रिल लागला की घरोघरी माळ्यावरचा कूलर उतरतो आणि खिडकीत बसतो. आमचा कूलर पोरीच्या खोलीच्या खिडकीला, मागच्या अंगणात लोखंडी स्टँडवर. त्याच्या ओल्या गवताच्या ताट्यांपाशी जरा थंडावा असतो. मी तिथं प्लास्टिकची खुर्ची टाकली. रविवारी जेवणं झाली, पोरगी तिच्या खोलीत झोपली आणि बायको पुढच्या खोलीत आडवी झाली, की मी त्या खुर्चीत. धूर तोंडाशी घोटाळतही नसे. सोडला की गेला. जागा काय झकास सापडली, असं वाटायचं मला.

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली. बायको दर बुधवारी सकाळच्या एसटीनं नेरला, माहेरी, तिच्या आईचे गुडघे पाहायला जायची आणि संध्याकाळी परतायची. मग बुधवारीही दुपारी एक सिगार. हे तडजोडीत नव्हतं, पण विचारणारं घरात होतं कोण?

आणि त्याच महिन्यात पोरीचा खोकला वाढला. आधी झोपेतून उठल्यावर, मग रात्रभर. छातीतून बारीक शिट्टी वाजायची. पंप दप्तरातून निघून उशीखाली आला. बायको तिच्या पाठीवर हात ठेवून बसलेली असायची आणि मी दारात उभा राहून नुसता चिडायचो. डॉक्टरवर, धुळीवर, शेजारच्या बांधकामावर. भीती वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड आहे.

मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "घरात कोणी सिगरेट ओढतं का?"

"घरात? नाही," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. गाडीत बसल्याबरोबर म्हणाली, "खोटं काहून बोलले?"

"खोटं कुठं बोललो? सिगरेट मी ओढत नाही. आन घरात त नाहीच नाही."

हे मला धंद्यानं शिकवलं होतं. साक्षीच्या आदल्या दिवशी पक्षकार घरी यायचे, पुढच्या खोलीत बसायचे, आणि मी त्यांच्याकडून घोकून घ्यायचो. जेवढं विचारलं तेवढंच सांगाचं. आपल्या मनानं एक शब्द जास्तीचा बोलाचा नाही. पोरगी कोपऱ्यात गृहपाठ करत बसलेली असायची. तिला ते पाढ्यासारखं पाठ झालं होतं, आणि कधीकधी माझ्या आधीच ती वाक्य पूर्ण करायची. आम्ही सगळे हसायचो.

डॉक्टरांनी औषध वाढवलं, कूलरच्या ताट्या बदला म्हणाले, टाकीतलं पाणी रोज बदला म्हणाले. हे सगळं मी केलं, मन लावून केलं. टाकी स्वतः घासली. नव्या ताट्या तारेनं घट्ट बांधल्या. आणि रविवारी त्या नव्या ताट्यांपाशी खुर्ची ओढून बसलो.

खोकला थांबेना. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बायको कॅलेंडरवर त्रासाच्या दिवशी फुली मारायची. एक दिवस ती कॅलेंडरसमोर उभी राहून म्हणाली, "रविवार आन बुधवार. पाहा बरं. बुधवारी मी घरी नसतो, तवा हे पोट्टी काही खात असंन."

बुधवारची चोरी पकडली जाते की काय, एवढीच मला धास्ती. त्यापलीकडे डोकं गेलं नाही. मी पोरीला हाक मारली आणि तिच्यावरच चढलो. "बर्फाचा गोळा खाते का तू? खरं सांग!"

"एकदा खाल्लता," ती म्हणाली.

"एकदा म्हणे! रातभर आई जागते तुह्यासाठी, कळते का काही?"

ती खाली मान घालून उभी राहिली. मला हायसं वाटलं. हो, हायसं. लपवून काय करू? पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला हायसं वाटलं होतं.

त्यानंतरचा रविवार. दुपारचे तीन वाजले असतील. सिगार अर्धी झाली होती आणि लाइन गेली. कूलरचा पंखा घरघरत मंदावला आणि थांबला. धूर पहिल्यांदाच माझ्या तोंडापुढं गोळा झाला. डोळे चुरचुरले. मी हातानं वारा घालू लागलो, आणि त्या शांततेत ताट्यांमधून मला आतली शिट्टी ऐकू आली. पोरीचा श्वास. अधूनमधून कोरडा खोकला, मग पुन्हा शिट्टी.

पाच मिनिटांनी लाइन आली. पंखा फिरला. माझ्या तोंडापुढचा धूर वळला आणि सरळ ताटीत शिरला.

मी पाहतच राहिलो. आणि पुढे जे केलं ते सांगायचीही लाज वाटते. मी आणखी एक झुरका घेतला आणि सोडला. वकील ना! खात्री पाहिजे. तोही सरळ आत गेला. भैताडा, म्हटलं, कूलर हवा कुठून ओढते हे चार वर्षांच्या लेकराला माहीत असते!

धावत आत गेलो. ती पलंगावर उठून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली होत होते. ओठ फिकट पडले होते. तिला बोलता येत नव्हतं. मी पंप तिच्या तोंडाला लावला तर तिनं मान बाजूला केली, आणि मग माझ्या लक्षात आलं, माझ्या बोटांना वास येत होता. पुढच्या खोलीतून धावत आलेल्या बायकोनं माझ्या हातातून पंप हिसकावून घेतला. "गाडी काढा!" एवढंच ती ओरडली.

मुलांच्या डॉक्टरांचा दवाखाना दहा मिनिटांवर. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. आरशात मागची सीट दिसत होती आणि मी दर वळणावर तिची छाती हलते का ते पाहत होतो. देवा, हिला ठेव, म्हणत होतो. मी देवाला फारसा विचारणारा माणूस नाही.

तिला मास्क लावला, वाफेचं औषध सुरू झालं, एक इंजेक्शन दिलं. अर्ध्या-पाऊण तासानं ओठांवर रंग आला. मग डॉक्टर आमच्याकडे वळले. "आज काय झालं होतं? धूळ, रंग, धूर?"

"धूर," मी म्हणालो. "माझा." आणि सगळं सांगितलं. खुर्ची, कूलर, दर रविवार. न विचारलेलंही सांगितलं. बुधवार तेवढा जिभेवर येऊन थांबला.

"वकीलसाहेब, मी विचारलं होतं तुम्हाला," डॉक्टर म्हणाले आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती पोरीचे केस मागे सारत राहिली.

मास्क निघाल्यावर मी पलंगाशी खाली बसलो. "बेटा, तुले कूलरमधून वास येत होता?"

"हो. ओल्या गवताचा आन तुमचा."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"मले कोणी विचारलंच नाही." आवाज बसलेला होता, पण ती अगदी समजावल्यासारखं सांगत होती. "तुमीच त सगळ्याइले सांगता ना, जेवढं विचारलं तेवढंच सांगाचं."

"आन मी रागावलो तेव्हा? तेव्हा तरी?"

"तेव्हा तुमी बर्फाच्या गोळ्याचं विचारलं."

बायकोनं पोरीचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "बाबा रविवारीच ओढत होते, का आणखी कधी?"

पोरीनं आधी माझ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायच्या आधी आपल्या वकिलाकडे पाहू नका, हेही मी पक्षकारांना नेहमी बजावायचो. ते मात्र ती विसरली होती.

"सांग," मी म्हणालो.

"बुधवारी पण," ती म्हणाली.